मातीतील ओलाव्याचे मापन, खंड तिसरा

पाकीट हातात घेतल्याबरोबर आत किती कागद आहेत हे पुठ्ठेरावांना कळायचं. बावीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं बांधण्यात गेलेली, कागदाचं सगळं ज्ञान अंगठ्यात उतरलेलं. त्यामुळे बँकेचं पहिलं पाकीट आलं तेव्हा त्यांनी ते न फोडताच ओळखलं, की आत दोन पानं आहेत, कागद हलका आहे, घड्या तीन आहेत आणि मजकूर वाईट आहे. आता मजकूर काही अंगठ्याला कळत नाही, पण पाकीट खिडकीवालं होतं. खिडकीच्या पाकिटातून आजवर कुणाला लग्नाचं आमंत्रण आलेलं नाही.

भानगड तशी छोटीच होती. घरच्या घरी जोडधंदा करावा, कॉलेजातल्या पोरांचे प्रबंध बांधून द्यावेत, म्हणून पुठ्ठेरावांनी कर्ज काढून कागद कापायचं मोठं मशीन घेतलं. मशीन आलं आणि त्याच वर्षी कॉलेजांनी प्रबंध कागदावर घेणं बंद केलं. तेव्हापासून ते मशीन बैठकीच्या खोलीत टेबलक्लॉथ पांघरून बसलं होतं आणि पाहुणे त्यावर चहाचे कप ठेवत होते. मग वाचनालयाचा पगार दोन महिने रखडला, दोन हप्ते चुकले आणि पाकीट आलं. त्याच दिवशी पुठ्ठेराव बँकेत जाऊन दोन वाक्यं बोलले असते तर विषय मिटला असता. पण जिन्यात कलमकाका भेटले.

कलमकाका खालच्या मजल्यावर राहायचे. कुठल्याशा कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांना कायद्याचं एकही कलम पाठ नव्हतं, पण आकडा ते असा ठासून सांगत की वकिलानंसुद्धा घरी जाऊन पुस्तक उघडून बघावं.

"फोडलंत?" त्यांनी पाकिटाकडे बोट दाखवून विचारलं.

"नाही अजून."

"वाचलात! फोडू नका. पाकीट फोडलं की ते मिळालं असं धरतात. न फोडलेलं पाकीट हे कायद्याच्या नजरेत वाटेतच असतं. कलम एकशे सत्तेचाळीस."

"पण ते तर माझ्या हातात आहे."

"हातात असलं म्हणून काय झालं? पोस्टमनच्या पण हातात होतंच की!"

हा मुद्दा पुठ्ठेरावांना बिनतोड वाटला. घाबरलेल्या माणसाला ज्यात काही करावं लागत नाही तो मुद्दा नेहमीच बिनतोड वाटतो.

पुढच्या महिन्यात पगार आला. पुठ्ठेराव हप्त्याचे पैसे घेऊन निघाले, तर कलमकाका पुन्हा जिन्यातच. (हा माणूस घरात कधी असायचा हे एक कोडंच होतं.) "आता भरलेत तर मागचं सगळं कबूल केल्यासारखं होईल," ते म्हणाले. "भरायचं तर सगळं एकदम. नाहीतर एक पैसा नाही." एकदम भरायला सगळे कुठले? मग पुठ्ठेराव दर महिन्याला हप्त्याचे पैसे मोजून खळीच्या रिकाम्या डब्यात ठेवू लागले. म्हणजे पैसे होते, देणं होतं, देणारा होता, घेणारा होता. फक्त देणं बंद होतं.

बायकोच्या भावाला कुणकुण लागली. तो विम्याचा एजंट. बहिणीला सांगायचं नाही या अटीवर त्यानं उपाय काढला. "भावोजी, सोपं आहे. दुसऱ्या बँकेचं कर्ज घ्या, पहिलं फेडा. मग दुसऱ्याला फेडायला तिसरी बँक आहेच. बँकांना काय तोटा आहे?" तो फॉर्मही घेऊन आला होता. पुठ्ठेरावांनी फॉर्मवर अंगठा फिरवला, कागद चांगला जाड होता, तरी सही केली नाही. एवढी एक शहाणपणाची गोष्ट त्या सहा महिन्यांत त्यांच्या हातून घडली, तिची इथे नोंद घ्यायला हवी.

पाकिटं येतच राहिली. एक, दोन, पाच, अकरा. आता ठेवायची कुठे? बायको घरातली प्रत्येक वस्तू उचलून खालची धूळ पुसणारी. पण एक होतं: बांधलेलं पुस्तक ती कधी उघडून बघत नसे. "दिवसभर तुम्ही तेच बघता, घरात मला नको," असं तिचं म्हणणं. मग पुठ्ठेरावांना असं काही सुचलं की जे जगात दुसऱ्या कुणालाही सुचलं नसतं.

त्यांनी ती अकरा पाकिटं, न फोडता, एकाखाली एक रचली आणि पुस्तक बांधलं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत. दुहेरी शिलाई, मागे कापडाची पट्टी, निळं कापडी कव्हर. जीव घाबरलेला होता, पण शिलाई सरळच आली. हाताला कर्जाचं काय कळतं! पाठीवर सोनेरी अक्षरं हवीतच. नाव काय द्यावं? कुठलं पुस्तक कुणी हात लावत नाही याचा पुठ्ठेरावांना बावीस वर्षांचा अभ्यास. त्यांनी नाव दिलं: 'मातीतील ओलाव्याचे मापन'. थोडा विचार करून त्याखाली 'खंड तिसरा' घातलं. पहिले दोन वाचल्याशिवाय तिसऱ्याला कोण हात लावणार, आणि पहिले दोन जगातच नाहीत! तरी घरी न्यायचा धीर काही झाला नाही; पुस्तक तिथेच मागच्या खोलीत, फाटक्या शब्दकोशांच्या आड ठेवलं आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा पुठ्ठेराव शीळ घालत घरी गेले.

जिन्यात अर्थातच कलमकाका.

"पत्रं थांबली का? थांबली असतील तर वाईट. पत्रं थांबली की माणसं येतात. दाराशी उभी राहतात आणि घरातली हलती वस्तू दिसेल ती उचलतात. भिंत सोडतात फक्त."

पुठ्ठेरावांचं धाबं दणाणलं. हलती वस्तू! त्यांच्या डोळ्यांपुढे एकच आली: बायकोचं शिलाई मशीन. लग्नानंतर नऊ वर्षं लोकांचे फॉल लावून, एकेक पैसा साठवून तिनं घेतलेलं. घरातलं निम्मं किराणा सामान त्या मशीनमधून यायचं. ते गेलं तर बायकोला तोंड कसं दाखवायचं? बाकी सगळं जाऊ दे, टेबलक्लॉथवालं ते मशीन तर जाऊच दे, खुशाल जाऊ दे, पण हे नको.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा काढली. बायको भाजी आणायला गेल्यावर शिलाई मशीन, दोन खुर्च्या आणि भिंतीवरचं घड्याळ (भिंत सोडतात, पण घड्याळाचं सांगता येत नाही) कलमकाकांच्या घरी हलवलं. बायकोला सांगितलं, "तेलपाणी करायला दिलंय."

"आणि घड्याळ?"

"त्यालाही तेल."

"खुर्च्यांना?"

पुठ्ठेराव आंघोळीला गेले.

त्यांच्या रजेच्या दिवशीच वाचनालयात पुस्तकांची मोजणी होती. ग्रंथपालबाई म्हणजे नियमाला पक्क्या. स्वतःच्या नवऱ्यालाही उशिराच्या पुस्तकाचा दंड लावणाऱ्या. मागच्या खोलीत त्यांना निळ्या कव्हरचं एक देखणं पुस्तक सापडलं, ज्याला क्रमांकच नव्हता. त्यांचा संताप झाला. त्यांनी पहिल्या पाकिटावर वाचनालयाचा शिक्का मारला, रजिस्टरला नोंद केली, पाठीवर चिठ्ठी चिकटवली आणि पुस्तक शेतीविषयक कपाटात लावलं. मग लक्षात आलं की खंड पहिला आणि दुसरा नाहीत. त्यांनी तातडीनं वरच्या कार्यालयाला अहवाल पाठवला: दोन खंड गहाळ, चौकशी व्हावी.

तिकडे पुठ्ठेरावांनी रजा वाढवली होती. घरी तिसऱ्या दिवशी दुपारी बायको डाळ निवडत बसली होती. अचानक तिचे हात थांबले. खालच्या मजल्यावरून आवाज येत होता. खटखटखट, खटखटखट, टक्. खटखटखट, खटखटखट, टक्.

"हे माझं मशीन आहे," ती म्हणाली.

"कशावरून? सगळी मशीनं सारखीच."

"दर सातव्या टाक्याला अडखळतं ते. अकरा वर्षं ऐकतेय मी." ती चप्पल न घालताच खाली गेली. कलमकाकू पडद्यांना पट्टी मारत बसल्या होत्या. बायको वर आली ती अगदी शांत. पुठ्ठेरावांना तिच्या रागाची सवय होती; शांतपणाची नव्हती.

"खाली पडद्यांचं तेलपाणी चाललंय," ती म्हणाली. "आता सांगा."

पुठ्ठेरावांनी सांगितलं. खळीच्या डब्यासकट सगळं. सांगताना त्यांना वाटत होतं की आता ती रडेल, नाहीतर भावाला फोन करेल. तिनं डबा उघडून पैसे मोजले, पुन्हा मोजले, झाकण लावलं.

"पत्रं कुठायत?"

"पुस्तकात."

"पुस्तक कुठाय?"

"वाचनालयात. मागच्या खोलीत."

"चला."

मागच्या खोलीत पुस्तक नव्हतं. शब्दकोश होते, त्यांच्यामागची धूळ होती, धुळीत पुस्तकाएवढी चौकोनी स्वच्छ जागा होती. पुठ्ठेरावांनी एकेक शब्दकोश काढून खाली ठेवला. तेवढ्यात ग्रंथपालबाई आल्या. "बरं झालं आलात. ओलाव्याचे पहिले दोन खंड कुठे गेले? चौकशी लागलीय तुमची."

"तिसरा कुठाय?" पुठ्ठेरावांनी विचारलं.

"तिसरा गेला. घरी नेलाय."

"कुणी?"

"दुसरं कोण नेणार? ओळीच्या बाईंनी."

ओळीच्या बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ठरवलं होतं की मरायच्या आधी हे वाचनालय संपवायचं. निवडून वगैरे नाही. पहिल्या कपाटाच्या पहिल्या फळीपासून ओळीनं. कादंबरी आली कादंबरी, शरीरशास्त्र आलं शरीरशास्त्र. चौदा वर्षांत त्या शेतीच्या कपाटापर्यंत आल्या होत्या. जगात ते पुस्तक उघडेल असा एकच माणूस होता आणि नेमका त्याचाच नंबर आला होता.

नवरा-बायको बाईंच्या घरी पोचले. दार उघडंच होतं. खिडकीपाशी बाई बसल्या होत्या, मांडीवर निळं पुस्तक, कानावर पेन्सिल, शेजारी भाजी चिरायची सुरी.

"या," बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "नायक आले वाटतं."

पुठ्ठेराव दारातच उभे राहिले.

"आत या, उभे काय राहता? पानं न कापता बांधलेलं पुस्तक लहानपणी बघितलं होतं, त्यानंतर आज. सुरीनं कापत कापत वाचलं. सुरुवातीला मला कळेना, ओलावा कधी येतो. मग लक्षात आलं, पत्ररूप कादंबरी आहे."

"बाई, ती माझी खाजगी पत्रं..."

"वाचनालयाचा शिक्का आहे त्यावर. मध्ये बोलू नका." बाईंच्या आवाजात पस्तीस वर्षांचे वर्ग भरलेले होते. "पहिल्या पत्रात 'प्रिय ग्राहक'. तिसऱ्यात 'आदरणीय'. सहाव्यात नुसतं नाव. दहाव्यात नुसता खाते क्रमांक. माणूस कसा कमी कमी होत जातो ते फार छान दाखवलंय. पण खरं सांगू? मला दया आली ती लिहिणारीची. ती बिचारी सारखी बोलावतेय, या, भेटा, काहीतरी मार्ग काढू. आणि नायक ढिम्म! असा नायक मी चौदा वर्षांत वाचला नव्हता."

"मार्ग काढू असं लिहिलंय?" बायकोनं विचारलं.

"चौथं पत्र. काढ ग तू, यांच्यानं नाही व्हायचं. हप्ता लहान करून मुदत वाढवून देतो, वरचं व्याज माफ करतो, फक्त येऊन भेटा. नवव्यात पुन्हा तेच. आणि अकराव्यात शेवटची तारीख: वीस. त्यानंतर प्रकरण वकिलाकडे."

"आज काय?" पुठ्ठेरावांनी विचारलं.

"एकोणीस," दोघी एकदम म्हणाल्या.

सहा महिने ज्या पाकिटांना ते बाँबसारखं जपत होते, त्यांच्यात सुटकेचा कागद होता. तोही दोनदा.

"आणि हे बघा," बाईंनी आठवं पत्र काढलं. समासात पेन्सिलीनं मोठी फुली आणि 'चूक. पुन्हा करा.' असं लिहिलं होतं. "हप्ते चुकले सहा, उशिराचा दंड लावलाय आठ महिन्यांचा. दुसरीतली वजाबाकी. उद्या मीही येते. त्यांना गणित शिकवायला हवं."

बायकोला त्या क्षणी काय झालं कोण जाणे, ती उठली आणि बाईंच्या पाया पडली. बाई गडबडल्या. "अग, अग! मी फक्त पुस्तक वाचलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं बँकेत. पुठ्ठेरावांच्या मनातला वसुली अधिकारी म्हणजे मिशीवाला, पीळदार दंडांचा, मागे दोन पैलवान. प्रत्यक्षात खिडकीजवळच्या टेबलाशी एक सर्दी झालेली तरुण बाई बसली होती, नाक पुसत फायली लावत.

"बसा. काय काम आहे?"

पुठ्ठेरावांनी आल्याआल्या दोन्ही हात पुढे केले. "मला न्यायचं तर न्या. पण मशीन तिचं आहे."

"कुठे नेऊ?"

"तुरुंगात."

ती बाई शिंकली. "हप्ता चुकला म्हणून माणसं आत टाकायची ठरवली तर या शाखेत काम कोण करेल? निम्म्यांची कर्जं आहेत, माझं पण आहे."

"आणि घरातलं सामान? हलती वस्तू?"

"आमच्याच खुर्च्या ठेवायला जागा नाही हो! असं उठून कुणाच्या घरात शिरायचं नसतं, त्याला कोर्ट असतं, कागद असतात. हे सगळं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"कलम एकशे सत्तेचाळीस," पुठ्ठेराव पुटपुटले.

मग ओळीच्या बाईंनी टेबलावर निळं पुस्तक ठेवलं. अधिकारीबाईंनी पाठ वाचली, गोंधळून कव्हर उघडलं आणि पहिल्याच पानावर थांबल्या. मग दुसरं. तिसरं. प्रत्येकाखाली त्यांची स्वतःची सही.

"दिवसाला चाळीस पत्रं लिहिते मी," त्या म्हणाल्या. "लोक फाडतात. एकानं त्यात भजी बांधून परत पाठवली होती. पाच वर्षांत माझं पत्र कुणी जपून ठेवलेलं बघितलं नाही. आणि हे... सोनेरी अक्षरात?"

"लिहिता छान तुम्ही," ओळीच्या बाई म्हणाल्या. "फक्त गणित कच्चं आहे." आणि आठवं पत्र पुढे सरकवलं.

अधिकारीबाईंनी यंत्रावर आकडे मारले, पुन्हा मारले आणि त्यांचे कान लाल झाले. "बरोबर आहे तुमचं. मुख्य कार्यालयाला दुरुस्ती पाठवते. होईल, पण वेळ लागेल, आज नाही सांगता येत."

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं अडचण काढली. मुदत वाढवायच्या अर्जाला चौथं पत्र जोडायला हवं. मूळ. सुटं. बांधलेलं चालणार नाही. त्यानं पत्र धरून ओढलं. आलं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. पुस्तकासकट टेबल पुढे आलं. पुठ्ठेरावांच्या चेहऱ्यावर त्या परिस्थितीतही अभिमान चढला; बावीस वर्षांत त्यांच्या बांधणीतलं एक पान सुटलं नव्हतं.

"असं नाही निघायचं," ते म्हणाले. "आणि मी नाही काढणार. आजवर मी बांधलेलं उसवलं नाही."

"मी उसवते," बायको म्हणाली. तिनं पर्समधून छोटी कात्री काढली, पुस्तक मांडीवर घेतलं. "कुठून घातलीय शिलाई? दाखवा."

पुठ्ठेरावांनी बोटानं दाखवलं. "इथून धर. आता खालचा. हळू, तो गाठीचा आहे." ती एकेक टाका सोडवत गेली, ते सांगत गेले. शिलाईतली दोन माणसं. गेल्या सहा महिन्यांत एकत्र काही केलं नव्हतं, ते बँकेत बसून करत होती. ओळीच्या बाईंनी तोंड दुसरीकडे वळवलं. अधिकारीबाईंनी नाक पुसलं, पण त्यांना सर्दी होतीच.

"रागावलीस?" पुठ्ठेरावांनी हळूच विचारलं.

"मशीन गेलं असतं तर दुसरं घेतलं असतं," ती टाक्यावरची नजर न काढता म्हणाली. "पण आंघोळीला किती वेळा गेलात हो या सहा महिन्यांत! पाणी संपायची वेळ आली."

चौथं पत्र सुटलं, अखंड, एक कोपरा न फाटता. हप्ता निम्म्यावर आला, मुदत वाढली, खळीच्या डब्यातले पैसे त्याच दिवशी भरले. नोटांना खळीचा थोडा वास येत होता, पण त्याविरुद्ध नियम नव्हता.

मशीन, खुर्च्या, घड्याळ वर आलं. कलमकाका जिन्यात उभे राहून म्हणाले, "फोडलीत ना शेवटी? बघा, आता काय होतंय." पुठ्ठेरावांनी त्यांना नमस्कार केला. खरोखर मनापासून, इतके दिवस मशीन सांभाळलं होतं माणसानं, आणि काकूंनी त्याला तेलही घातलं होतं. सातव्या टाक्याचं अडखळणं गेलं. बायकोला आता ते जरा परकं वाटतं, ही गोष्ट वेगळी.

तीन आठवड्यांनी बारावं पाकीट आलं. पुठ्ठेरावांनी ते अंगठ्यानं चाचपलं: एक पान, घड्या दोन. टेबलक्लॉथवाल्या मशीनपाशी बायकोसमोर बसून त्यांनी ते स्वतः फोडलं. दोन महिन्यांचा दंड परत. वर लिहिलं होतं, 'आदरणीय', आणि पुढे पूर्ण नाव.

वाचनालयात ग्रंथपालबाईंनी पुस्तक परत घेतलं, एक पान कमी म्हणून तपासलं आणि ओळीच्या बाईंना चार दिवसांचा दंड लावला. पुठ्ठेरावांनी तो कुणी मागायच्या आत भरला आणि पावती घेतली. पहिल्या दोन खंडांची चौकशी अजून चालू आहे. पुठ्ठेराव प्रत्येक वेळी गंभीरपणे उत्तर देतात की शोध जारी आहे.

पुढं अठरा हप्ते गेले, एकही न चुकता. शेवटची पावती मिळाली त्या आठवड्यात पुठ्ठेराव जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत दार लावून बसले. निळं कापड तेच, सोनेरी अक्षरं तीच. अठरा पावत्यांचं पुस्तक ते केवढंसं! पण शिलाई दुहेरी घातली, आणि शेवटचा टाका बायकोला बोलावून तिच्याकडून घालून घेतला. 'मातीतील ओलाव्याचे मापन, खंड चौथा'. आतल्या कोऱ्या पानावर त्यांनी लिहिलं, 'ज्यांनी पानं कापली त्यांना.' यावेळी पानं आधीच कापलेली होती.

ओळीच्या बाई तोवर दुसऱ्या कपाटात, कुक्कुटपालनात पोचल्या होत्या. ओळ मोडून मागे येणं त्यांच्या नियमात नव्हतं. चौदा-पंधरा वर्षांत कधी आल्या नव्हत्या. त्या दिवशी आल्या. खिडकीपाशी बसून अठरा पानं वाचली, प्रत्येक बेरीज पेन्सिलीनं तपासली, शेवटी एक मोठी बरोबरची खूण केली आणि पुस्तक पुठ्ठेरावांच्या हातात दिलं.

"शेवट आधीच कळतो," चष्मा पुसत त्या म्हणाल्या. "पण नायक सुधारलाय."